मधला माणूस

आमच्या पिढीला यंत्र कधी एकटं भेटलं नाही. त्याच्या शेजारी कायम कुणीतरी बसलेलं असायचं. टायपिंग क्लासात सर, एसटीडी बूथमध्ये बूथवाला, आळीत पहिला टीव्ही ज्यांच्याकडे आला त्या घरच्या काकू, सायबर कॅफेच्या गल्ल्यावरचा पोरगा. यंत्र वापरायचं तर आधी या माणसाच्या तोंडाकडे बघावं लागायचं. त्याची मर्जी, त्याची वेळ, त्याच्या सुट्ट्या आणि त्याच्या चौकशा हे सगळं यंत्राबरोबर आपसूक यायचं.

मी बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवलं. संगणक आणि तरुण मुलं या विषयावर वर्तमानपत्रांतून लिहिलं, गावोगाव भाषणं केली. भाषण संपलं की एक प्रश्न हमखास येतो, ‘सर, तेव्हाची मुलं आणि आताची मुलं यांत फरक काय?’ विचारणाऱ्याजवळ उत्तर तयार असतं. आताची मुलं बिघडली एवढंच त्याला माझ्या तोंडून वदवून घ्यायचं असतं. मला काही तसं म्हणवत नाही. मुलं होती तशीच आहेत. मधला माणूस तेवढा उठून गेला.

दहावीचा शेवटचा पेपर झाला की कराडात पोरं टायपिंगला नाव घालायची. निकाल लागेपर्यंतचा मोकळा काळ घरच्यांच्या डोळ्यांवर यायचा. किराणा दुकानाच्या बाजूनं अरुंद जिना, वर लांबट खोली आणि भिंतीकडेला ओळीनं मांडलेली रेमिंग्टन, गोदरेज, हाल्डा. प्रत्येक मशीनची खोड निराळी. एकाची रिबन मध्येच अडायची, दुसऱ्याचा रोलर ओळ सोडताना अर्धाच फिरायचा. जुनी पोरं जे मशीन टाळायची ते नव्या पोराच्या वाट्याला. सुरुवातीला नुसतं ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. पानंच्या पानं तेच. खोलीत उन्हाळ्याचा उकाडा, रिबनच्या शाईचा वास आणि ओळ संपत आल्याचं सांगणाऱ्या घंट्यांचा किणकिणाट.

सर खिडकीशी पेपर वाचत बसलेले, पण कान मशीनकडे. ठेका चुकला की मान वर न करता नाव घेऊन हाक मारायचे. त्यांची एक गंमत होती. ‘ए’ हे अक्षर डाव्या करंगळीनं मारायचं असतं आणि करंगळीत जोर नसतो, म्हणून नवशिक्याचा ‘ए’ फिका उठतो. कुणी कंटाळून तर्जनीनं मारला की तो ठसठशीत उठायचा. सर कागद उजेडाकडे धरायचे आणि नुसत्या रंगावरून सांगायचे, ‘हे तीन करंगळीचे नाहीत. पान पुन्हा काढ.’ आमच्या लेखी ही जवळजवळ सिद्धी होती.

सरकारी वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षेला मशीनं केंद्रावर न्यावी लागायची. टेम्पोत मशीनं गोणपाटात गुंडाळून ठेवलेली आणि ती आदळू नयेत म्हणून दोन-तीन पोरं ती धरून बसलेली, अशी वरात निघायची. मराठी तीस, इंग्रजी तीस, मग चाळीस. मिनिटाला किती शब्द, यावर माणसाचं मोल ठरत होतं. पास झालेल्याला पुढची वाटही सरच दाखवायचे. कोर्टात जागा निघाल्यात, पाटबंधारे खात्यात रोजंदारीवर घेतायत, अमक्या साहेबाला जाऊन भेट, माझं नाव सांग. त्या अरुंद जिन्यावरून वर गेलेली कितीतरी पोरं कचेरीत चिकटली, त्यांची घरं उभी राहिली.

गोदरेजनं पहिलं भारतीय बनावटीचं टाइपरायटर १९५५ साली आणलं आणि २००९ साली ते बनवणं थांबवलं. तोवर टायपिंग क्लासांच्या पाट्यांवर नवी अक्षरं चढली होती. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन २००१ साली निघालं, त्याचा एमएस-सीआयटी कोर्स पाठोपाठ आला, सरकारी नोकरीसाठी तो आवश्यक ठरला आणि तालुक्याच्या गावांत संगणकाच्या खोल्या थाटल्या गेल्या. जिना तोच, सरही पुष्कळ ठिकाणी तेच. मशीनच्या जागी माउस आला, दाराशी चपला काढून आत जायची शिस्त आली. धुळीनं संगणक बिघडतो असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. चपलांनी नक्की किती संगणक वाचले कोण जाणे.

आजचं पोरगं दोन अंगठ्यांनी ज्या वेगानं लिहितं तो बघून आमचे सर चकित झाले असते. माझ्या दहा बोटांना ते जमत नाही, हे मी पोरांसमोर हसत मान्य करतो. आता तर बोटांचीही गरज उरली नाही, बोललं की मराठीत उमटतं. पण हे त्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही. पान उजेडाकडे धरून ‘हे तुझं नाही’ म्हणणारंही कुणी भेटलं नाही.

एसटीडी बूथचं सध्या भारीच कौतुक चालतं. पिवळी पाटी, काचेची खोली, लाल आकडे पळवणारा मीटर, बिलाची चिट्ठी कुरकुरत बाहेर काढणारं ते छोटं यंत्र. सॅम पित्रोदा आणि १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटच्या कामामुळे टेलिफोन गावागावांत गेला, हे खरंच मोठं काम. रात्री उशिरा दर उतरायचा, म्हणून पुण्यात शिकणारी पोरं जेवण उरकून बूथसमोर रांग लावायची. बोलणारा मीटरकडे बघत बोलायचा. ‘आई बरी आहे ना? पैसे संपलेत. ठेवतो.’ एवढ्यात संभाषण आटोपायचं आणि मागे उभ्या असलेल्या दहा जणांना या घरची परिस्थिती कळायची. ज्यांच्याकडे फोन नसायचा ते लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर छापून पुढे ‘पी. पी.’ लिहायचे. शेजारी बिचारा भाकरी टाकून हाक मारायला धावायचा. हाक मारून तिथंच थांबायचाही.

देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना लावला, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमनं सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. या पंधरवड्यानं पुढच्या पिढ्यांचं आयुष्य बदललं. आम्ही मात्र तेव्हा बूथच्या रांगेत उभे होतो. मोबाइलवर आलेल्या फोनचेही पैसे पडत, त्यामुळे तो आपल्यासाठी नाही याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

पुढं सायबर कॅफे आले. प्लायवूडचे आडोसे, त्यात एक-एक खुर्ची, तासाचे पैसे, वहीत नाव-पत्ता. दहावी-बारावीचे निकाल ऑनलाइन आले त्या दिवशी तिथं जत्रा. आधी निकाल शाळेत लागायचा, फळ्याभोवती झुंबड उडायची. आता कॅफेवाल्याभोवती उडू लागली. त्याला सीट नंबर सांगायचा, तो आकडे टाकायचा, आणि पोराच्या आधी टक्के त्याला कळायचे. नापास झालेल्याला तो हळूच बाजूला घेऊन सांगायचा. असा एक कॅफेवाला मी पाहिलाय. निकालाच्या दिवशी त्यानं रडणाऱ्या पोराला आत बसवून चहा पाजला, मग घरी फोन करून बापाला सांगितलं, ‘न्यायला या, आणि आवाज चढवू नका.’ आज निकाल दुपारी एकला पोराच्या हातातल्या मोबाइलवर येतो. खोलीचं दार लावून तो एकटा बघतो. घरात कुणाला कधी सांगायचं, काय सांगायचं, हे त्याचं त्यानं ठरवायचं. सोळा वर्षांच्या पोरावर हा भार मला जास्त वाटतो.

इथवर लिहिलेलं वाचून माझ्या वयाचे वाचक माना डोलावत असतील. त्यातले बहुतेक पुरुष असणार, अशी माझी पैज आहे. कारण हे सगळं स्मरणरंजन पुरुषांचं आहे. हा लेख मनात घोळत असताना मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीशी बोललो. ती आता बँकेत अधिकारी आहे. बूथवाल्याच्या आठवणी मी रंगवून सांगत होतो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘सर, त्या बूथवाल्यानं माझं कॉलेज बंद करायची वेळ आणली होती. प्रॅक्टिकलची तारीख विचारायला वर्गातल्या मुलाला फोन लावला. संध्याकाळी घरी पोचायच्या आत बाबांना नंबरासकट माहीत.’ मी गप्प झालो. ती पुढं म्हणाली, ‘आणि सायबर कॅफेत मी आयुष्यात एकदा गेले. भावाला घेऊन.’

मधला माणूस मुलांना हात द्यायचा तेव्हा मुलींवर नजर ठेवायचा. दोन्ही कामं तो एकाच खुर्चीत बसून करायचा. टीव्हीच्या घरी सगळे जमायचे म्हणतो आपण. कुणी दारातून आत यायचं, कुणी खिडकीतून बघायचं आणि कुणी फिरकायचंच नाही, हेही तिथं ठरलेलं असायचं. तेव्हा खिशातला मोबाइल आला आणि हा पहारेकरी गेला, याचा आनंद ज्यांना झाला त्यांच्यापुढं आपण बूथच्या गमती सांगू नयेत हे बरं. मुलींना घरातून बिनघोर पाठवलं गेलं ते एमएस-सीआयटीच्या वर्गात. तिथं बाहेरच्या जगाची खिडकी प्रमाणपत्राच्या नावाखाली उघडली.

बरं, पहारेकरी गेला तरी पुरता गेला का? प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीनं २०२३ साली देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना हेच विचारलं. घरात स्मार्टफोन जवळपास सगळ्यांच्या आहे, दहात नऊ जणांच्या. पण ज्यांना तो वापरता येतो त्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. निम्म्याहून कमी. म्हणजे मुलांचा मधला माणूस उठला. मुलींचा बूथ सोडून घरात येऊन बसला. भावाच्या किंवा बापाच्या रूपानं. फोन त्याचा, पासवर्ड त्याचा, वेळही त्याचीच.

एक मधला माणूस मात्र असा होता की त्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार ऐकली नाही. जयंत नारळीकरांकडे मुलं सही मागायला जायची. ते म्हणायचे, सही कशाला, मला पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन. उत्तराखाली सही असेलच. आणि उत्तर खरोखर यायचं. जगभर नाव असलेला खगोलशास्त्रज्ञ, ‘यक्षांची देणगी’सारख्या विज्ञानकथा लिहिणारा लेखक, पुण्याच्या ‘आयुका’चा संस्थापक संचालक, हा माणूस शाळकरी पोराच्या कार्डाला उत्तर लिहीत बसायचा. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी घरांत अशा कार्डांच्या गोष्टी निघाल्या.

त्या कार्डात होतं काय, याचा मी पुष्कळ विचार केला. उत्तर तर पाठ्यपुस्तकातही सापडलं असतं. पण नारळीकरांना कार्ड लिहायचं म्हणजे आधी प्रश्न पडायला हवा. तो धड वाक्यात मांडायला हवा. एवढ्या मोठ्या माणसाला भलतंसलतं विचारायचं नाही म्हणून पोरगं दोन दिवस डोकं खाजवायचं, ताईला दाखवायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. कार्डावरची जागा ती केवढीशी. मग डाकपेटी, मग पोस्टमनची वाट. उत्तर येईपर्यंत निम्मं उत्तर त्याचं त्यालाच सुचलेलं असायचं.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं. आता पोरगं अर्धं वाक्य टाकतं, त्यातही दोन चुका, आणि तीन सेकंदांत पानभर उत्तर. मला ते यंत्र आवडतं. मी स्वतः वापरतो. रात्री अकराला मुलीनं गणित अडलं म्हणून विचारलं तर ते तिच्यावर खेकसत नाही, ‘वर्गात लक्ष कुठं होतं?’ असं ऐकवत नाही. आमच्यातल्या कित्येक मास्तरांपेक्षा त्याचा स्वभाव गोड. पण कसाबसा टाकलेला प्रश्न परत देऊन ‘हे नीट लिहून आण’ असं म्हणणं त्याच्या प्रकृतीत नाही. ते सगळ्याला उत्तर देतं. पोराच्या डोक्यात प्रश्न शिजायला जो वेळ लागतो तो आता मिळत नाही, माझी काळजी एवढीच आहे. बाकी आयते गृहपाठ वगैरे ओरड मी मनावर घेत नाही. आम्हीसुद्धा जर्नलं एकमेकांची बघून उतरवली, गाइडातली उत्तरं घोकली. फरक इतकाच की उतरवून हात दुखायचा.

मधला माणूस परत आणायचा म्हटला तर जमतं कसं, हे परितेवाडीत दिसलं. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या या छोट्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू यायची, धड्यावरचा व्हिडिओ दिसायचा. पुढं बालभारतीची पुस्तकंच कोड घेऊन आली. डिसेंबर २०२० मध्ये डिसल्यांना दहा लाख डॉलरचं जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालं आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटली. कोडाचं कौतुक खूप झालं. पण पोर कुठं अडतं हे आधी ओळखून मग कोड चिकटवणारा मास्तर तिथं होता, हे जास्त महत्त्वाचं. याच कोडाची पुस्तकं हल्ली सगळीकडे आहेत आणि पुष्कळ ठिकाणी तो कोड वर्षभर कुणी स्कॅनसुद्धा करत नाही.

आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथं रोज संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो. मग दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा सुरू. टाळेबंदीत पोरांच्या हाती फोन गेले ते परत येईनात, म्हणून गावानं, त्यातही बायकांनी, हे ठरवलं. बातमी आली तेव्हा मला ते पटलं नव्हतं. भोंगा म्हणजे पुन्हा तो बूथवालाच, असं वाटलं. पण बारकाईनं पाहिलं की वेगळं दिसतं. फोन एकट्या पोरांचे बंद होत नाहीत. बापालाही तो बाजूला ठेवावा लागतो, आईलाही मालिका बंद करावी लागते. अंगणवाडी ताई, आशा ताई, निवृत्त शिक्षक घरोघर समजवायला फिरले. सुरुवातीला गाव हसलं, मग सवय लागली. पोर अभ्यास करतं की नाही ते पुढचं. त्या दीड तासात घरातल्या मोठ्या माणसाला दुसरं काम उरत नाही, म्हणून तो पोराशेजारी बसतो. पहारा आणि सोबत यांतली सीमारेषा पुसट असते हे मला कळतं. वडगावात ती सोबतीच्या बाजूला झुकलेली आहे, असं माझं मत.

भोंगा लावायला प्रत्येक गाव एकमतानं तयार होणार नाही. शहरातल्या सोसायटीत तर पहिल्याच दिवशी भांडणं होतील. पण गावोगाव सार्वजनिक वाचनालयं आहेत, त्यांत संध्याकाळी रिकामी टेबलं आहेत, आणि निवृत्त मास्तर तर पैशाला पासरी. आमच्या पेठेतल्या वाचनालयात मी सोमवारी आणि गुरुवारी पाच ते सहा बसतो. मुलंमुली मोबाइल घेऊनच येतात. ‘मोबाइल बाहेर ठेव’ असं मी म्हणत नाही. यंत्रानं दिलेलं उत्तर आम्ही दोघं मिळून वाचतो आणि त्यात कुठं गडबड आहे ते शोधतो. पुष्कळदा गडबड प्रश्नातच सापडते. मग तो पुन्हा लिहायचा. मुली जास्त येतात, कारण वाचनालयात जाते म्हटल्यावर घरून आडकाठी होत नाही. कुणी काय विचारलं हे मी कुणाच्या घरी सांगत नाही, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात पारखून घेतलं.

तेव्हा निवृत्त शिक्षकांना विनंती एवढीच. आताच्या मुलांबद्दल तक्रारीचे लेख मलाही रोज व्हॉट्सअॅपवर येतात, ते पुढं ढकलायचं जरा थांबवा. तुमच्या गावच्या ग्रंथपालाकडे जा, आठवड्यातला एक तास आणि एक टेबल मागून घ्या. खर्च काही नाही. पहिले काही दिवस कुणी येणार नाही, तेव्हा सोबत एखादं पुस्तक असू द्या.